अमेरिकी राज्यांच्या फुटून निघण्याचा वाद कसा अभ्यासावा

राज्याला संघातून बाहेर पडता येते का, असे विचारताच सीमाभागातल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर अमेरिकेआधी बेळगाव, खानापूर, निपाणी येते. म्हणून दोन प्रश्न आधी वेगळे करून घ्यावेत. आपली मागणी देशात राहूनच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याची आहे आणि तिची वाट भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमातून जाते. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याने मात्र २० डिसेंबर १८६० रोजी संघच सोडल्याचे जाहीर केले होते.

मग अमेरिकेची राज्यघटना स्वतः वाचावी. तीत फुटून निघण्याची परवानगी नाही आणि मनाईही नाही. फुटीच्या बाजूने दहावी दुरुस्ती पुढे केली जाई: संघाला न दिलेले आणि राज्यांना न नाकारलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. लिंकन यांनी ४ मार्च १८६१ च्या भाषणात केलेला युक्तिवाद फळ्यावर मांडून पाहावा. डावीकडे राज्यघटनेआधीच्या, १७८१ मध्ये अमलात आलेल्या तेरा राज्यांच्या जुन्या करारातला ‘शाश्वत संघ’ लिहावा, उजवीकडे राज्यघटनेच्या प्रास्ताविकेतला ‘अधिक परिपूर्ण संघ’. शाश्वतपणा गमावलेला संघ आधीपेक्षा परिपूर्ण कसा म्हणायचा, असा त्यांचा मुद्दा होता. आमच्या अभ्यासवर्गात यावर खानापूरकडच्या एका मुलीने विचारले, की जुना करार बदलायला तेराही राज्यांची संमती लागत होती, तर नवी राज्यघटना नऊ राज्यांच्या मान्यतेवर अमलात आलीच कशी? हा आक्षेप वजनदार आहे, कारण १७८९ मध्ये नवे सरकार सुरू झाले तेव्हा नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड बाहेरच होती. त्याला घाईने उत्तर देऊ नये.

‘राज्यांचे हक्क’ या शब्दांनी भारावून जाण्याआधी साउथ कॅरोलायनाने दिलेली कारणे वाचावीत. पळून गेलेले गुलाम परत करण्यात उत्तरेकडील राज्ये स्वतःचे कायदे करून आडकाठी आणतात, अशी त्यांत ठळक तक्रार आहे. म्हणजे दुसऱ्या राज्यांनी वापरलेला हक्कच त्यांना खुपत होता.

त्यानंतर अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा टेक्सास विरुद्ध व्हाइट हा १८६९ चा निकाल घ्यावा. सरन्यायाधीश चेस यांनी संघ अविनाशी ठरवला, मात्र क्रांती किंवा राज्यांची संमती हे अपवाद ठेवले. ते लिंकन यांच्या मंत्रिमंडळात होते, हेही सांगावे.

शेवटी डॉ. आंबेडकरांचे ४ नोव्हेंबर १९४८ चे संविधान सभेतील भाषण काढावे. भारतीय संघ राज्यांच्या करारातून झालेला नसल्याने कोणत्याही राज्याला फुटण्याचा हक्क नाही, असे सांगताना अमेरिकेला हे यादवी युद्ध करून ठरवावे लागले, याकडे ते लक्ष वेधतात. अभ्यासवर्गाच्या त्याच बैठकीत आपल्या राज्यघटनेचे तिसरे कलम पुन्हा उघडावे: अमेरिकेत एखाद्या राज्याचा भाग तोडून नवे राज्य करायला त्याच्या विधिमंडळाची संमती लागते, आपल्याकडे सीमा बदलताना विधिमंडळाचे केवळ मत मागवले जाते आणि निर्णय संसद घेते.