‘ने’ दिसला की ‘बाय’ लावू नका: इंग्रजी ॲक्टिव्ह-पॅसिव्ह कसं करावं

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं मराठी मूल घरी ‘निशाने आंबा खाल्ला’ म्हणतं, शेजारी ‘निशाए केरी खाधी’ ऐकतं आणि टीव्हीवर ‘निशा ने आम खाया’. तिन्ही ठिकाणी क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. चिंच असती तर मराठीत ‘खाल्ली’ झालं असतं. मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. पॅसिव्ह व्हॉइसलाही आपण कर्मणी प्रयोगच म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ‘निशाने’ दिसलं की मुलं ‘बाय निशा’ लिहून मोकळी होतात. शिकवताना आधी हाच गैरसमज काढावा, बाकीचं सोपं आहे.

‘निशाने आंबा खाल्ला’ याचं इंग्रजी ‘निशा एट अ मँगो’, म्हणजे सरळ ॲक्टिव्ह. इंग्रजीत क्रियापदाच्या आधी कोण बसलंय ते बघायचं. करणारा असेल तर ॲक्टिव्ह. ज्याच्यावर क्रिया झाली तो असेल तर पॅसिव्ह. ‘अ मँगो वॉज ईटन बाय निशा’ हे मराठीत ‘निशाकडून आंबा खाल्ला गेला’ असं होईल.

आता पायऱ्या. आधी क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ विचारा. उत्तरच नसेल तर पॅसिव्ह होत नाही. गो, कम, स्लीप, हॅपन ही अशी क्रियापदं. म्हणून ‘ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ चूक, ‘ॲक्सिडेंट हॅपन्ड’ बरोबर. उत्तर मिळालं तर ते वाक्याच्या सुरुवातीला आणा. सर्वनाम असेल तर रूप बदला: हिमचं ही, मीचं आय, देमचं दे.

त्यानंतर ‘बी’चं रूप येतं, म्हणजे ॲम, इज, आर, वॉज, वेअर वगैरे. सगळ्यात जास्त मार्क जातात ते इथेच. काळ जुन्या वाक्याचा घ्यायचा, वचन मात्र नव्या कर्त्याचं. ‘लता राइट्स लेटर्स’ यात लता एक, पण पुढे आली लेटर्स, म्हणून ‘लेटर्स आर रिटन बाय लता’. इथे घाईत ‘इज’ पडतं. चालू काळात बीइंग येतं, पूर्ण काळात बीन. रस्त्याचं काम सुरू असेल तर ‘द रोड इज बीइंग रिपेअर्ड’, काम झालं असेल तर ‘द रोड हॅज बीन रिपेअर्ड’. दोन्ही वाक्यं मोठ्याने पाच-सहा वेळा म्हणा, फरक कानात बसतो. विल, कॅन, मस्ट यांच्यानंतर नुसतं बी.

त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप, काळ कुठलाही असो. ब्रोक नव्हे, ब्रोकन. रोट नव्हे, रिटन.

‘बाय’ शेवटी, तेही गरज असेल तरच. ‘द लक्ष्मी विलास पॅलेस वॉज बिल्ट बाय सयाजीराव गायकवाड द थर्ड’ यात राजवाडा कोणी बांधला हीच माहिती आहे, म्हणून ‘बाय’ हवं. ‘इट वॉज कम्प्लिटेड इन 1890’ यात ते नको. करणारा ‘समवन’ किंवा ‘पीपल’ असेल तर तो गाळाच. ‘इंग्लिश इज स्पोकन हिअर’ एवढंच पुरतं.

गिव्हसारख्या क्रियापदाला दोन कर्मं असतात. ‘द क्लार्क गेव्ह मी अ रिसीट’ याचं ‘आय वॉज गिव्हन अ रिसीट’ आणि ‘अ रिसीट वॉज गिव्हन टू मी’ असं दोन्ही चालतं. बोलण्यात पहिलं जास्त.

आणि एक जागा, जिथे इंटरव्ह्यूच्या पहिल्याच वाक्यात माणूस अडखळतो. मराठीत जन्म आपला आपण होतो: ‘माझा जन्म बडोद्यात झाला’. इंग्रजीत आईने जन्म दिलेला असतो, म्हणून तिथे पॅसिव्हच लागतो. ‘आय बॉर्न इन वडोदरा’ चूक आणि ‘आय ॲम बॉर्न’ही चूक, ‘आय वॉज बॉर्न इन वडोदरा’ म्हणा.