लिव्हरचं डिफ्यूजन एमआरआय: या चुका टाळा

"काका, सकाळी काही खाल्लंत?"
"खाल्लं कुठे? नुसती पेज घेतली."

पेडण्याहून पहाटे निघून म्हापशाला आलेल्या माणसाला पुन्हा थांबवणं जिवावर येतं. पण गोव्यात पेजेला कुणी खाणं म्हणत नाही, म्हणून मी आता थेट "पेज घेतली का?" असंच विचारतो. पोटात अन्न गेलं की आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला रक्तप्रवाह वाढतो आणि मोजणी हलू शकते. निदान चार तास उपाशी हवं.

डिफ्यूजनमध्ये आपण पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजतो. सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होतं त्या आजारात, व्रणासारख्या तंतूंनी ती अडते, रक्तप्रवाहही घटतो, म्हणून एडीसीचा, म्हणजे या हालचालीच्या मोजमापाचा, आकडा साधारणपणे उतरतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वर्तुळ ठेवताना, म्हणजे आकडा लिव्हरच्या कुठल्या भागात मोजायचा ते स्क्रीनवर आखताना. डावा लोब हृदयाला टेकलेला. प्रत्येक ठोक्याला तो हलतो, सिग्नल गळतो आणि एडीसी खोटाच चढतो. आजारी लिव्हर कागदावर ठणठणीत! त्यामुळे वर्तुळं उजव्या लोबमध्ये ठेवा, शिरा नि कडा टाळून, आणि एकावर भागवू नका. लिव्हरमध्ये लोह साठलं असेल तर मात्र कुठेही ठेवा, सिग्नल इतका पडतो की आकड्यावर विसंबता येत नाही.

डिफ्यूजनच्या चित्रात चमकलं म्हणजे गाठ कॅन्सरची, हाही घाईचा निष्कर्ष. हिमँजिओमासुद्धा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी, कॅन्सर नसलेली गाठ, चमकतो. एडीसी मॅप शेजारी उघडून बघा.

आणि खरी चूक रिपोर्ट हातात आल्यावर होते. आकडा कमी म्हणजे आता पोटात पाणी होणार, रक्ताची उलटी होणार, असं भविष्य सांगितलं जातं. रुग्णांच्या गटागटांत फरक दिसतो हे खरं, पण आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. एकट्या माणसाचं त्यावरून ठरत नाही. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा एन्डोस्कोपीत दिसतात. एन्डोस्कोपी टाळता येईल का हे ठरवायला तज्ज्ञांच्या बावेनो परिषदेचा २०१५ चा निकष आहे: सिरॉसिस अजून भरपाईच्या टप्प्यात, म्हणजे पोटात पाणी किंवा रक्ताची उलटी झालेली नाही, लिव्हरचा कडकपणा २० किलोपास्कलच्या खाली, प्लेटलेट दीड लाखाच्या वर. त्यात डिफ्यूजन नाही.

मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करायची तर मशीन तेच हवं, बी-व्हॅल्यूही (डिफ्यूजन किती जोरात टिपायचं ते ठरवणारे आकडे) त्याच. एकदा ० आणि ४००, पुढच्या खेपेला ५० आणि ८००, असं झालं तर लिव्हर जागच्या जागी असूनही आकडा बदलतो. म्हणून येताना नुसती फिल्म नको, जुनी सीडी आणा. फिल्मवर वर्तुळ ठेवता येत नाही.