जुन्या महिंद्रा कमांडर जीपची पुढची बेअरिंग घरीच बदलायची असंल तर

गाडी चाळीसच्या वर गेली की पुढून भुंग्यासारखी घूं घूं येऊन राहिली असंल आणि स्पीडसोबत वाढत असंल तर बहुतेक चाकाची बेअरिंग गेली. आमची कमांडर आधी काळी-पिवळी होती, तिनं काय काय वाहिलं ते तिलाच माहीत, आवाज इतका वाढला की पारावरून एक काका ओरडले, "काहून बे, जीप इकून इमान घेतलं का?"

आधी बाजू ओळखा. रिकाम्या रोडवर गाडी उजवीकडे वळवली की वजन डाव्या चाकावर येतं, तेव्हा आवाज वाढला तर डावी गेली, डावीकडे वळवताना वाढला तर उजवी. मग चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवा. खटखट लागली तर कोणा पोट्ट्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. आता खटखट गेली तर बेअरिंगच, तरीही हलत असंल तर किंग पिन (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळते ती उभी पिन) पाहा, ते काम वेगळं आणि खर्चही वेगळा.

एक सांगून ठेवतो, मारुती 800 वाल्यांनी हे वाचून गाडी खोलू नका. तिची बेअरिंग नकलमध्ये (चाक धरणाऱ्या लोखंडी भागात) प्रेस मशीननं दाबून बसवलेली असते, घरी हातोड्यानं मारत बसलात तर नवीन बेअरिंगही खराब. कमांडरसारख्या टू-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढं टेपर रोलर (एका बाजूला निमुळते रोलर असलेल्या) बेअरिंग असतात, आत मोठी आणि बाहेर छोटी, हेन्री टिमकेननं 1898 मध्ये पेटंट घेतलेली हीच पद्धत, आतला रोलरवाला भाग म्हणजे कोन वेगळा निघतो, बाहेरचं कडं म्हणजे कप हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) राहतो, म्हणून घरी जमते.

सामान म्हणजे दोन्ही बेअरिंग, ऑइल सील, नवीन स्प्लिट पिन, आणि एमपी-3 लिथियम ग्रीस. जुनी बेअरिंग सोबत घेऊन जा, कडेवर नंबर कोरलेला असतो तोच मागा. मागच्या खेपेला यवतमाळहून आणली तर डबा भारी कंपनीचा आणि आतल्या मालावर नंबरच धड वाचता येईना, घरी येऊन फिरवली तर रेती भरल्यासारखी खरखर. परत शंभर-सव्वाशे किलोमीटर कोण जाईल? म्हणून काउंटरवरच डबा फोडून बोटानं फिरवून पाहा.

काम सकाळी काढा, मे महिन्यात दुपारी पाना हातात धरवत नाही. मागच्या चाकांना दगड लावा, चाकाचे नट गाडी खाली असतानाच ढिले करा. काही जुन्या जीपना डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात, स्टडच्या तोंडावर एल लिहिलेला दिसतो, तिथं सरळ जोर लावला तर स्टड तुटते. गाडी उचलली की एक्सलखाली स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळा द्या. विटेवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, वीट सांगून फुटत नाही.

चाक काढा, धुळीची टोपी काढा, पिन काढा, मधला नट खोला (काही गाड्यांत दोन नट आणि मध्ये लॉक वॉशर असतं, त्याचे वाकवलेले कान आधी सरळ करा). ड्रम ओढला की बाहेरची बेअरिंग हातात येते. ड्रम अडकला तर ब्रेकचे शू अ‍ॅडजस्टरनं मागे घ्या, ठोकू नका. आतली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसा, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो.

ऑइल सील उचकटली की आतली बेअरिंग निघते. आमच्यात जो चिखल निघाला ना, काळ्या मातीची खीर नुसती. नाल्याच्या पाण्यातून गाडी काढतो आपण, गरम हब एकदम थंड होतो आणि कडक झालेल्या सीलमधून पाणी आत ओढतो. म्हणून शंभर-दोनशे वाचवायला जुनी सील परत लावू नका.

आता कप. मागून पितळी पंच लावून एकदा इकडं एकदा तिकडं मारत काढा. सरळ लोखंडी हातोडा कपावर मारला तर कडक पोलादाचा तुकडा उडतो, चष्मा घाला. नवीन कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, हब उन्हात ठेवा. रुंद तोंड बाहेरच्या बाजूला. वर जुना कप उलटा ठेवून ठोका. आधी ठक ठक असा बसका आवाज येतो, पूर्ण बसला की ठण्ण येतो, तिथं थांबा.

ग्रीस तळहातावर घ्या आणि बेअरिंगचं रुंद तोंड त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूनं रोलरच्या फटीतून ग्रीस शेवयांसारखं वर येईपर्यंत. वरवर चोपडणं म्हणजे ग्रीस भरणं नव्हे. सीलच्या ओठालाही लावा, ड्रमच्या आत जाऊ देऊ नका.

आणि तो मधला नट. इथंच मी माती खाल्ली होती. पहिल्यांदा पान्यावर अख्खं वजन टाकून कसला, म्हटलं ढिला राहायले नको, पंधरा किलोमीटरवर गाडी ओढेना, उतरून पाहतो तर ग्रीस पातळ होऊन टोपीतून गळून राहिलं आणि हबवर पाणी शिंपडलं तर चर्र. दोन्ही बेअरिंग निळ्या पडल्या. तर असं करा: ड्रम फिरवत फिरवत नट जड लागेपर्यंत कसा, म्हणजे सगळं जागेवर बसते, मग पाव फेरा ढिला करा, मग नुसत्या बोटांनी घट्ट करा आणि पिनेचं भोक जुळत नसंल तर मागच्या खाचेवर घ्या, पुढच्यावर नाही. चाक मोकळं फिरायला पाहिजे, ओढल्यावर जाणवेल न जाणवेल इतकीच हालचाल, म्हणजे साधारण 0.03 ते 0.12 मिमी. पिन नवीनच टाका.

वीस किलोमीटर फिरवून हबला हात लावा. कोमट असंल तर ठीक, हात ठेवता येत नसंल तर घरी आणून नट एक खाच ढिला करा. तीनशे किलोमीटरनंतर चाक परत एकदा हलवून पाहायचं आणि दुसऱ्या बाजूची टोपीही उघडून ग्रीसचा रंग पाहून घ्यायचा, दुधाळ दिसला तर तिकडंही पाणी शिरलंय.