सोलरच्या गरम पाण्याची पाइपलाइन जोडताना या चुका टाळा

खान्देशात गरम पाण्याची खरी गरज नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा गच्चीवरच्या साध्या टाकीतले पाणीसुद्धा दुपारी अंगावर घेववत नाही. त्यामुळे वर्षातले सात-आठ महिने सोलरकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, आणि दिवाळीनंतर पहिली थंडी पडली की पाणी बारीक येते, कोमट येते किंवा येतच नाही अशा तक्रारी एकदम सुरू होतात. या तक्रारींत काचेच्या नळ्या आणि टाकी बहुतेक वेळा निर्दोष निघतात. दोष असतो तो टाकीपासून न्हाणीघरापर्यंतच्या पाइपलाइनमध्ये, आणि ती पाइपलाइन कोणीतरी संध्याकाळच्या आत उरकायची म्हणून उरकलेली असते.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. रावेर-यावल-चोपड्याकडे केळीमुळे घरोघरी ठिबक आहे, आणि ज्याने शेतात फिल्टरपासून लॅटरलपर्यंत सगळे स्वतः जोडले आहे त्याला घराच्या गच्चीवरचे चार एल्बो, म्हणजे पाइप वळवणारे जोड, हे किरकोळ काम वाटते. पण ठिबकच्या लाइनमागे मोटार असते. ती चढ-उतार, वळणे आणि हवा सगळे ढकलून नेते. घरगुती सोलर बहुधा बिनदाबाचे असते. वरच्या थंड पाण्याच्या टाकीतून पाणी स्वतःच्या वजनाने सोलरच्या टाकीत उतरते आणि तेवढेच गरम पाणी खाली ढकलले जाते. एक मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरमागे जेमतेम १०० ग्रॅम दाब मिळतो. एवढ्या तुटपुंज्या जोरावर चालणाऱ्या लाइनीला मोटारीच्या लाइनीचे नियम लावले की पुढच्या सगळ्या चुका ओघाने येतात.

व्हेंट पाइप बंद करणे

सर्वांत महागडी चूक हीच आहे, आणि ती करणारा माणूस दरवेळी आपण काटकसर केली अशा समाधानात असतो. सोलरच्या टाकीच्या वरच्या बाजूने जो उघडा पाइप उभा नेलेला असतो, त्याचे वरचे टोक थंड टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा वर असावे लागते. मी निदान दीड फूट वर ठेवतो. तो खाली राहिला तर वरची टाकी काठोकाठ भरल्यावर व्हेंटमधून पाणी सांडणार, कारण पाणी आपली पातळी शोधणारच. शिवाय पाणी तापले की वाढते: २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापले तर सुमारे ४ लिटरने वाढते, आणि थंड बाजूला उलट्या प्रवाहाला अडवणारा एन.आर.व्ही. असेल तर त्या वाढीला व्हेंटखेरीज दुसरी वाट नसते. म्हणजे पाइप बुटका राहिल्याने व्हेंटमधून पाणी पडत असेल तर पाइपाची उंची वाढवायची, एवढा सरळ उपाय आहे. प्रत्यक्षात लोक काय करतात, तर दहा-वीस रुपयांची एंड कॅप आणून तोंडावर चिकटवतात आणि गच्ची कोरडी झाली म्हणून निश्चिंत होतात.

यावलजवळच्या एका दुमजली घरात असेच केलेले होते. मालकांचे वय मोठे, गावात त्यांना सगळे आप्पा म्हणत. कॅप पाहून मी त्यांना सांगितले होते की आप्पा, हे आजच्या आज काढा, पाइप दोन फूट वाढवून देतो. त्यावर शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पुतण्याने, ज्याने ती कॅप लावली होती त्याने, ‘काही व्हत नही, भाऊ’ म्हणून विषय संपवला. काही आठवडे खरोखरच काही झाले नाही. दिवाळीच्या सफाईत वरची टाकी धुवायला काढली, तेव्हा त्याच पुतण्याने सोलरकडे जाणारा गेट व्हॉल्व्ह बंद केला, आणि खाली तळमजल्यावर कोणीतरी भांडी धुण्यासाठी गरम नळ सोडला. आता पाहा काय होते: वरून थंड पाणी येणे बंद, व्हेंटमधून हवा येणे बंद, आणि खालच्या नळापर्यंत लोंबणारा सुमारे सहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ टाकीला आतून ओढतो आहे. त्या ओढीचा हिशोब दर चौरस सेंटिमीटरला ६०० ग्रॅम, म्हणजे एका चौरस फुटावर साडेपाचशे किलो इतका जातो. आतल्या टाकीचा स्टेनलेसचा पत्रा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पूर्ण ओढ बसण्याची वाट न पाहता तो आधीच आत बसतो. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला म्हणतात. मी गेलो तेव्हा बाहेरचे रंगीत आवरण जसेच्या तसे होते, त्यामुळे पुतण्या अजूनही टाकी ठीक असल्याचेच सांगत होता. पण नळ्या ज्या छिद्रांत बसतात ती छिद्रेच वाकडी झाली होती, आणि प्रत्येक रबरी सीलमधून पाणी गळत होते. अशी टाकी दुरुस्त होत नाही. वॉरंटीचे कागद आप्पांनी काढले, परंतु व्हेंट बंद केलेला आढळल्यास वॉरंटी लागू नाही हे त्यात स्पष्ट लिहिलेले होते, आणि त्यात विक्रेत्याचा दोष काढता येणार नाही.

तेव्हापासून मी व्हेंटचे टोक नुसते उभे सोडत नाही. वर दोन एल्बो लावून तोंड खाली वळवतो आणि त्यावर जाळी बांधतो. त्यामुळे पक्षी-कचरा आत जात नाही, आणि मुख्य म्हणजे कोणाला कॅप लावायची हुक्की आली तरी ती सहज लागत नाही. सोलरकडे जाणाऱ्या व्हॉल्व्हचे हँडलही मी काढून घरमालकाच्या हातात देतो. काहींना हे अति वाटते, वाटू द्यावे.

कठड्यावरून पाइपाची कमान नेणे

दुसरी माझ्या रागाची चूक म्हणजे गरम पाण्याचा पाइप गच्चीच्या तीन फुटी कठड्यावरून चढवून पलीकडे उतरवणे. कठड्याला भोक पाडायचे म्हणजे ड्रिल आणा, प्लास्टर उडते, घरमालकीण नाराज होते. म्हणून पाइप वर चढवून खाली उतरवण्याचा सोपा मार्ग निवडला जातो. पहिल्या दिवशी पाणी छान येते, प्लंबर पैसे घेऊन जातो. नंतर मात्र कमानीच्या माथ्यावर हवा साठू लागते, कारण पाणी तापले की त्यात विरघळलेली हवा सुटते आणि ती पाइपातल्या सर्वांत उंच जागी जाऊन बसते. दाबाच्या लाइनीत ती वाहून गेली असती; इथे तो जोरच नसतो. नळ सोडला की दोन-चार उचक्या, मग करंगळीएवढी धार, आणि मग काहीच नाही.

यावर लोकांचा उपाय म्हणजे पंप घेणे. मी अशा घरी गेलो आहे जिथे नळ्या बदलून झाल्या होत्या, मग प्रेशर पंप बसवून झाला होता, आणि कमान जिथल्या तिथे होती. ओळखण्याची खूण सोपी आहे. न्हाणीघरातल्या मिक्सरची तोटी हाताने घट्ट बंद धरून गरम आणि थंड दोन्ही बाजू उघडल्या की थंड पाणी गरम लाइनीत उलटे शिरते आणि अडकलेली हवा मागे ढकलून व्हेंटमधून बाहेर काढते. हे केल्यावर चार-सहा दिवस पाणी चांगले आले आणि पुन्हा बारीक झाले, तर दोष हवेचाच आहे हे निश्चित समजावे. मात्र हा तपासणीचा मार्ग आहे. काही जण यालाच दुरुस्ती समजून दर रविवारी करत बसतात.

खरी दुरुस्ती म्हणजे कठड्याला तळाशी भोक पाडून पाइप आरपार काढणे, आणि सोलरच्या टाकीपासून उतरण्याच्या जागेपर्यंत पूर्ण लाइनीला एकाच दिशेने उतार ठेवणे. नजरेच्या अंदाजावर उतार ठरवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, कारण गच्चीला स्वतःचाच उतार असतो आणि तो नजर फसवतो. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल ट्यूब घ्यावी, दोन्ही टोकांना खूण करावी, आणि मग क्लॅम्प ठोकावेत. कठडा फोडणे खरोखरच अशक्य असेल तर कमानीच्या माथ्यावर टी लावून तिथून दुसरा व्हेंट, पहिल्याएवढ्याच उंचीचा, उभा करावा. ते दिसायला वाईट दिसते, पण चालते.

थंड टाकीची उंची आणि तिची सावली

थंड टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा, हे बहुतेकांना ठाऊक असते. टाकी वर घेताना ती सोलरच्या दक्षिणेला ठेवू नये, हे मात्र विसरले जाते. आपण सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. डिसेंबरच्या अखेरीस ऐन मध्यान्हीही सूर्य जेमतेम ४५ अंशांवर असतो, म्हणजे वस्तू जेवढी उंच तेवढीच तिची सावली. ज्या महिन्यात गरम पाणी हवे त्याच महिन्यात नव्या स्टँडवरची टाकी नळ्यांवर सावली धरून बसते. टाकी उत्तरेला घ्यावी. धाब्याचे घर असेल तर हे सगळे वजन मातीच्या छतावर चढवण्याचा विचारच करू नये. २०० लिटरच्या सोलरमध्ये नुसत्या पाण्याचेच २०० किलो असतात.

उरलेला पाइप वापरणे

शेतातून उरलेला पीव्हीसी पाइप गरम लाइनीला लावू नये. ६० अंशांच्या आसपास पीव्हीसी मऊ पडू लागते आणि आपल्या उन्हात सोलरचे पाणी त्याच्या वर सहज जाते. मग पाइप क्लॅम्पच्या मध्ये झोके घेतो, त्या झोक्यांत पुन्हा हवा अडकते आणि शेवटी सांधा निसटतो. सीपीव्हीसी वापरावा, तो ९३ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेला असतो. त्यासाठी सांधे चिकटवायचे सोल्यूशनही सीपीव्हीसीचेच घ्यावे, घरात पीव्हीसीचा अर्धा डबा पडलेला आहे म्हणून तो संपवू नये. उन्हाळ्यात भर दुपारी सांधे जोडू नयेत, कारण पाइप फिटिंगमध्ये जाण्याआधीच सोल्यूशन सुकते आणि सांधा वरून पक्का दिसूनही आतून कोरडा राहतो. मी सकाळी लवकर जोडतो आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत गरम पाणी सोडत नाही. आज जोडून आजच अंघोळ हवी असणाऱ्यांनी स्टोव्हवर पाणी तापवावे.

टाकीच्या लोखंडी किंवा स्टीलच्या आट्यांवर प्लास्टिकचे आटे थेट बसवू नयेत. पितळी आट्यांचे फिटिंग घ्यावे आणि शेजारी युनियन, म्हणजे खोलता येणारा सांधा, द्यावा; त्यामुळे पुढे टाकी काढताना पाइप कापावा लागत नाही. सीपीव्हीसी उष्णतेने बराच वाढतो: १० मीटरची सरळ लाइन ४० अंशांच्या फरकाने सुमारे अडीच सेंटिमीटर लांब होते. त्यामुळे क्लॅम्प पाइप आवळून धरणारे नसावेत, आणि लांब लाइनीत मध्ये एक मोकळे वळण असावे.

सगळीकडे एक इंची पाइप टाकला की ‘फोर्स’ वाढेल, ही समजूतही अर्धीच खरी आहे. टाकीपासून खाली उतरेपर्यंत एक इंची योग्य. पुढे न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची पुरतो. एक इंची पाइपाच्या १५ मीटर लांबीत सुमारे ६ लिटर पाणी मावते, आणि गरम पाणी येण्याआधी रोज सकाळी तेवढे गार पाणी मोरीत जाते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे परवडत नाही. पाइपाला फोमचे आवरण घालावे हे सगळे सांगतात. त्या फोमवर उन्हापासून वाचवणारी पट्टी गुंडाळली नाही तर दोन उन्हाळ्यांत त्याचा भुगा होतो, हे कोणी सांगत नाही.

थंड बाजूला पंप आणि गरम बाजू मोकळी

थंड लाइनीवर प्रेशर पंप आणि गरम लाइन मात्र गुरुत्वावर, अशी जोडणी असेल तर मिक्सर हे चोरीचे दार ठरते. हँडशॉवरचे बटण बंद आणि मिक्सरच्या दोन्ही मुठी उघड्या राहिल्या की थंड पाणी गरम लाइनीतून वर चढून सोलरची टाकी गार करते आणि व्हेंटमधून गच्चीवर सांडते. मग कोणीतरी एंड कॅप आणायला निघतो. मिक्सरच्या गरम बाजूला एन.आर.व्ही. लावावा, बाणाची दिशा पाहून लावावा, आणि तो झडपेचा असावा, स्प्रिंगचा एन.आर.व्ही. उघडायला लागणारा दाबच या लाइनीत पुरेसा नसतो.

भर उन्हात रिकाम्या नळ्या भरणे

उन्हाळ्यात टंचाईमुळे सोलर कोरडे पडते. रिकाम्या नळीच्या आतले तापमान उन्हात २०० अंशांच्या वर जाते, आणि त्यात दुपारी टँकरचे गार पाणी सोडले की काच तडकते. भरायचे ते पहाटे, किंवा सूर्य मावळून नळ्या निवल्यावर. उन्हाळाभर वापर नसेल तर नळ्या रिकाम्या न ठेवता भरलेल्या ठेवून त्यांवर गोणपाट किंवा ताडपत्री बांधावी.

बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांच्या तळाशी आणि पाइपाच्या सांध्यांत पांढरा क्षार धरणारच, कारण तापल्यावर कॅल्शियम पाण्यात विरघळलेला राहत नाही. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्याय नसल्यास ६०० आहे; आपले पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे आणि ते वरच्या मर्यादेजवळ असेल तर दर उन्हाळ्यात नळ्या उतरवून स्वच्छ कराव्यात. काढलेल्या नळीत लिंबूसत्त्वाचे पाणी रात्रभर ठेवले की क्षार सुटतो. टाकीत मात्र संडास धुण्याचे ॲसिड कोणत्याही परिस्थितीत ओतू नये. त्याने स्टेनलेसला बारीक छिद्रे पडतात आणि ती पुढच्या हिवाळ्यात दिसतात. टाकीला गंजण्यापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी आत असेल तर नळ्या उतरवतानाच तीही बाहेर काढून पाहावी आणि झिजून तार उरली असेल तर बदलावी.