खानापूर कुठलं, आणि पट्टी कुठं?

मराठी विकिपीडियावर मी पहिला साचा (एकदा लिहून अनेक पानांवर लावता येतो असा तुकडा) केला तो बेळगाव जिल्ह्यातल्या तालुक्यांचा. खानापूर, हुक्केरी, गोकाक, अथणी, रायबाग, सौंदत्ती अशी सगळी नावं एका निळ्या पट्टीत बसवली आणि हौसेनं ती खानापूरच्या पानावर अगदी वर चिकटवली. लॅपटॉपवर झकास दिसत होती. त्याच आठवड्यात नंदगडला मामांकडं गेलो आणि त्यांच्या मोबाईलवर पान उघडून दिलं, तर पट्टी गायब! मी रिफ्रेश करत बसलो. मामा चहा फुंकत म्हणाले, "अरे, हे आपलं खानापूर की सांगलीचं?"

पट्टी हरवली नव्हती. असे मार्गक्रमण साचे, म्हणजे नेव्हबॉक्स, विकिपीडियाच्या मोबाईल रूपात दाखवलेच जात नाहीत. उजवीकडची उभी पट्टीही तिथं गळते. माहितीचौकट, म्हणजे लेखाच्या सुरुवातीला थोडक्यात माहिती देणारी चौकट, तेवढी राहते. म्हणून जो दुवा वाचकाच्या हाती लागलाच पाहिजे, तो मजकुरातच गुंफायचा. "मलप्रभा नदी या तालुक्यात कणकुंबीला उगम पावते" एवढं लिहिलं की नदीच्याही पानाची वाट झाली आणि गावाच्याही.

मामांचा प्रश्न मात्र पट्टीपेक्षा मोठा होता. खानापूर तालुका सांगली जिल्ह्यातही आहे, विटा हे त्याचं मुख्यालय. पानावर आलेल्या माणसाला सगळ्यात आधी कळायला हवं की आपण बरोबर ठिकाणी उतरलो का. तेव्हा वरची जागा त्या एका ओळीची: हा लेख बेळगाव जिल्ह्यातल्या तालुक्याचा, सांगलीचा हवा असेल तर तिकडं जा. बसच्या कपाळावर "बेळगाव-खानापूर" एवढंच असतं. मधले थांबे कुणी तिथं लिहीत नाही. तालुक्यांची पट्टी पार तळाला न्यायची, संदर्भ आणि बाह्य दुवे संपल्यावर, वर्गांच्या (पान ज्या विषयगटांत मोडतं त्यांच्या नावांच्या) आधी. शेजारच्या तालुक्यात डोकावतो तो वाचून झालेलाच माणूस.

मग पट्टी हवीच कशाला? चिक्कोडीतून निपाणी निघाला, अथणीतून कागवाड, गोकाकमधून मूडलगी. यादी प्रत्येक पानावर हातानं लिहिली असती तर प्रत्येक पान उघडून दुरुस्त करावं लागलं असतं. साच्यात एकदा बदललं की सगळीकडं बदलतं.

याच सोयीनं मी वाहवलो. त्याच पट्टीत नद्या घातल्या, किल्ले घातले, गोकाकचा धबधबाही घातला. नंतर धबधब्याच्या पानावरून "येथे काय जोडले आहे", म्हणजे या पानाकडं दुवा देणाऱ्या पानांची यादी, बघितलं तर रामदुर्गपासून अथणीपर्यंत सगळे हजर. साच्यातल्या दुव्यांमुळे खरा उल्लेख कुठल्या लेखात आहे तेच शोधता येईना. आता माझा हिशेब सोपा आहे: ज्या पानांची नावं पट्टीत, त्याच पानांवर पट्टी, आणि विषय एकच. धबधबे वेगळे.

नव्यांची हमखास होणारी आणखी एक चूक. पट्टीत ज्या पानावर आपण आहोत ते नाव ठळक दिसतं, त्याचा दुवा होत नाही. आपण कुठं उभे आहोत ते त्यावरून कळतं. पण आपल्याकडं कुणी चिकोडी लिहितो, कुणी चिक्कोडी. पानाचं शीर्षक एक आणि पट्टीत दुसरं, पुनर्निर्देशनाचं नाव (म्हणजे आपोआप मूळ पानावर नेणारं), असं झालं की ते ठळक होत नाही, आणि दाबलं तर माणूस फिरून त्याच पानावर येतो. पट्टी लावल्यावर एकेका तालुक्याचं पान उघडून तेवढं बघून घ्या.