बायबलमधली 'राखण' खाजनाच्या बांधावर कशी वाचायची

बायबल आणि पर्यावरण असा विषय घेऊन गोव्यातल्या गावात चार माणसं बसवायची असतील तर उत्पत्ती (बायबलचं पहिलं पुस्तक) 1:28 पासून सुरू करू नका. पृथ्वी सत्तेखाली आणा, ते वचन. मी पहिल्यांदा तिथूनच सुरू केलं आणि पाच मिनिटांत गाडी मायनिंगवर, मग कोणाच्या ट्रकांवर, मग कोणाच्या मेव्हण्याच्या ट्रकांवर, चहा गार झाला आणि बायबल तसंच मिटून घरी आणलं. 1967 साली लिन व्हाइट नावाच्या इतिहासकाराने ख्रिस्ती विचाराला याच, निसर्गावरच्या माणसाच्या सत्तेच्या, मुद्द्यावर धारेवर धरलं होतं, वाद जुनाच आहे, पण तो शेवटी घ्या.

आधी 2:15 वाचा. देवाने माणसाला एदेन बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. हिब्रूत आबाद आणि शामार. आबाद म्हणजे राबणं, आणि सेवा करणं पण तोच शब्द. शामार म्हणजे राखणं. हाबेलला मारल्यावर काइन देवालाच उलट विचारतो ना, मी काय भावाचा राखणदार आहे का, तिथे पण हाच शब्द. इथे जरा गप्प बसा, लोकांना बोलू द्या. गोव्यात राखणदार म्हणजे गाव राखणारा देव, ते कोणाला सांगावं लागत नाही, हिंदू शेजारी तर लगेच बोलायला लागतात. फरक एवढाच की आपला राखणदार आपल्याला राखतो, इथे ती ड्युटी माणसावरच टाकलीय.

मग सगळ्यांना उठवून खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या भातशेतात न्या, हॉलमध्ये हे होत नाही. मानसीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ, उभे राहा. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्या जोराने लाकडी दार आपोआप बंद होतं, ओहोटीला शेतातलं पाणी ढकलून उघडतं. कोणी कोळंबीच्या लोभाने दार उघडं ठेवलं किंवा बांध फोडला तर खारं पाणी त्याच्या एकट्याच्या शेतात नाही शिरत, सगळ्यांची भातं जातात. शामार म्हणजे काय ते इथे हात लावून कळतं, मला हिब्रू येत नाही, मला तर इथेच कळलं.

तिथेच लेवीय 25 वाचा. सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती, आणि 23 व्या वचनात देव सांगतो की जमीन कायमची विकायची नाही, ती माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आहात. प्लॉट विकलेला कोणीतरी घोळक्यात असणारच, त्याच्याकडे बघू नका प्लीज.

पोप फ्रान्सिस यांचं 2015 चं पर्यावरणावरचं पत्रक 'लाउदातो सी' सगळं वाचायला लावू नका, 246 परिच्छेद आहेत, लोक पळतील. फक्त 67 वा घ्या, त्यात 1:28 चा अर्थ 2:15 ला धरून लावलाय. तो झाला की मग खुशाल 1:28 उघडा, आता ट्रकांचा विषय निघाला तरी चालेल.

आणि जायच्या आधी भरतीची वेळ बघा, आम्ही एकदा न बघता गेलो आणि परत येताना सगळ्यांच्या चपला हातात होत्या.