डोक्याला मार लागल्यावर तोल तपासताय? या चुका टाळा

कबड्डीत पकडीच्या झटापटीत कपाळावर गुडघा बसतो. पोरगा उठतो, डोकं झटकतो अन् म्हणतो, "काही नाही झालं सर, मी ठीक आहो." आपण त्याला चार पावलं चालायला लावतो, तो चालतो आणि पुन्हा मॅटवर जातो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. साधं चालणं कन्कशन, म्हणजे डोक्याच्या माराने मेंदूला बसलेला धक्का, असूनही जमतं. शंका आली की त्या दिवसाचा खेळ संपला, मग चाचणीत काहीही येवो.

उलट्या, वाढती डोकेदुखी, दोन-दोन दिसणं, झटके, हातापायातली ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं तर तोल तपासायला पट्टी-घड्याळ काढूच नका, थेट हॉस्पिटल गाठा. मान दुखत असेल तर जागेवरून हलवू नका.

आता चाचणी. 2023 च्या स्कॅट-6 मध्ये, म्हणजे खेळाडूंचं कन्कशन तपासायच्या ठरलेल्या पद्धतीत, चालण्याची पट्टी 3 मीटर लांब आणि 38 मिलिमीटर रुंद असते. त्यावर टाचेला बोटं टेकवत जायचं, वळायचं, तसंच परत यायचं, वेळ मोजायची. आपल्याकडे ही रेघ चुन्याने मैदानात मारतात. नागपूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पायाला चिकटते. तिथे अडखळला तो मेंदूमुळे की जमिनीमुळे, कसं सांगणार? जिमखान्याच्या फरशीवर टेप लावा.

उभं राहण्याच्या चाचणीत डोळे मिटून, हात कमरेवर ठेवून 20-20 सेकंद: पाय जुळवून, एका पायावर आणि एका पावलामागे दुसरं. इथे हमखास गोंधळ होतो. एका पायावर उभं करताना चेंडू मारायचा पाय वर आणि दुसरा जमिनीवर हवा. पावलामागे पाऊल ठेवतानाही तो दुसराच मागे. डोळे उघडले, हात सुटला, पाऊल पडलं, टाच उचलली, तर चूक धरायची. दोन एकदम झाल्या तर एकच. आणि "अरे, सांभाळ बे" असं मध्येच ओरडू नका.

खेळ थांबल्याबरोबर तपासणं हीही घाईच. दमलेला, त्यातून मे महिन्यात घामाने निथळलेला खेळाडू मार न लागताही डुलतो. 10-15 मिनिटं बसवा, पाणी द्या. घोटा मुरगळलेला असेल तर तसं लिहून ठेवा.

चालता चालता शंभरातून सात-सात वजा करायलाही लावतात: 93, 86, 79... ज्या भाषेत पोराने पाढे पाठ केले, त्याच भाषेत मोजू द्या. आपल्या मैदानावर मराठी, हिंदी, दोन्ही चालतात.

या आकड्यांना अर्थ येतो तो त्याच खेळाडूच्या आधीच्या आकड्यांशेजारी. हंगामाआधी सगळ्यांची नोंद करा. तीच फरशी, अनवाणी पाय, शक्यतो तपासणाराही तोच. काही हुशार पोरं तेव्हा मुद्दाम डगमगतात, म्हणजे पुढे मार लागला तरी फरक दिसू नये! नोंद फारच वाईट आली तर दुसऱ्या दिवशी परत घ्या.

तोल बऱ्याच जणांचा तीन ते पाच दिवसांत पूर्ववत होतो, बाकीचा त्रास रेंगाळतो. पाचव्या दिवशी पट्टीवर सुरळीत चालून पोरगा म्हणेल, "सर, संघात नाव टाका." त्याला आधी विचारा, रात्री झोप लागते का, पुस्तक उघडल्यावर डोकं दुखतं का. मग डॉक्टरांकडे पाठवा.